नोएल ब्राउनला नक्की कोणी घालवलं? टीबीच्या खात्यातल्या एका डॉक्टरचं उत्तर

इंटर्नशिप करणाऱ्या एका मुलानं विचारलंय की आयर्लंडमध्ये नोएल ब्राउन नावाचा एक डॉक्टर आरोग्यमंत्री झाला, त्यानं तीन वर्षांत टीबी संपवला, मग बाळंतिणींना आणि लहान मुलांना फुकट उपचार द्यायला निघाला म्हणून बिशप लोकांनी त्याला घालवला, हे खरंय का? आणि खरं असेल तर डॉक्टरनं राजकारणात पडण्यात काही अर्थ आहे का?

मी तीसेक वर्षं टीबीच्या खात्यात काढलीत, त्यातली बरीचशी जिल्हा क्षयरोग अधिकारी म्हणून, त्यामुळं हा माणूस माझ्यासाठी परका नाहीये. सरळ उत्तर द्यायचं तर टीबीची गोष्ट अर्धी खरी आहे, बिशपांची पाऊण खरी आहे, आणि तो जो पाव भाग उरतो ना तो आपल्या जमातीचा आहे, म्हणजे डॉक्टरांचा. त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, कारण झगेवाल्या बिशपची गोष्ट सांगायला मजा येते आणि फीची गोष्ट सांगायला येत नाही. मी मात्र त्याच्यावरच जरा जास्त बोलणार आहे.

आधी माणूस बघ. जन्म 20 डिसेंबर 1915, वॉटरफर्ड. बाप मुलांवर होणारे अत्याचार थांबवणाऱ्या एका संस्थेत इन्स्पेक्टर, पगार बेताचा, बदलीची नोकरी, म्हणून पोरं डेरी, अथलोन, बॅलिनरोब अशी गावोगाव वाढली. बाप टीबीनं गेला. आईनं होतं नव्हतं ते विकलं आणि पोरांना घेऊन इंग्लंड गाठलं, तिथं तीही गेली, टीबीनंच. भावंडांमध्येही हाच आजार फिरला, मोठी बहीण जिनं सगळ्यांना सांभाळलं तीसुद्धा त्यातच गेली. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या ओपीडीतली घरं येतात. एकाच पत्त्यावरची तीन कार्डं, वर्ष फक्त वेगळं. ज्यानं हे पाहिलंय त्याला ब्राउनचा पुढचा हट्टीपणा समजतो. माफ करता येईलच असं नाही, पण समजतो.

नशीब असं की इंग्लंडमध्ये त्याला चांगल्या कॅथलिक शाळेत मोफत शिकायला मिळालं, आणि तिथल्या ओळखीतून डब्लिनच्या एका श्रीमंत घरानं त्याला जवळ केलं आणि ट्रिनिटी कॉलेजचा डॉक्टरकीचा खर्च उचलला. आता ट्रिनिटी म्हणजे प्रोटेस्टंट लोकांचं कॉलेज समजलं जायचं, कॅथलिक मुलांनी तिथं जाऊ नये असं बिशपांचं फर्मान होतं. म्हणजे पुढं ज्यांच्याशी गाठ पडणार होती त्यांच्या वहीत ह्याच्या नावापुढं फुली आधीच पडलेली. आणि शिकता शिकता ह्याला स्वतःलाच टीबी झाला! इंग्लंडमधल्या सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या पेशंटांना महिनोन्महिने ठेवायच्या हॉस्पिटलात, राहून बरा झाला, 1942 च्या सुमारास डॉक्टर झाला, आणि नंतर विकलो परगण्यातल्या न्यूकॅसल सॅनेटोरियममध्ये नोकरीला लागला. तिथली वेटिंग लिस्ट एवढी की पेशंटचा नंबर लागेपर्यंत पेशंटच उरायचा नाही. त्या काळात तिकडं टीबीनं वर्षाला तीन-चार हजार माणसं मरायची आणि देशाची लोकसंख्या तीस लाखाच्या आसपास, हिशोब तूच कर.

लाज तर एवढी की घरात टीबी आहे हे शेजाऱ्याला कळू द्यायचं नाही, पोरीचं लग्न मोडायचं. (हे वाक्य मी आयर्लंडबद्दल लिहितोय हां, पण 2010 साली माझ्या जिल्ह्याबद्दलही जसंच्या तसं लिहिता आलं असतं. एका बाईनं मला विनवलं होतं की घरी औषध घेऊन येणाऱ्या माणसाला बिल्ला काढून पाठवा.)

राजकारणात तो आला तो ह्या चिडीतून. शॉन मॅकब्राइड हा आयआरए ह्या ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेचा माजी प्रमुख, नंतर वकील, आणि फार नंतर म्हणजे 1974 साली शांततेचं नोबेल मिळवणारा, त्यानं 1946 मध्ये क्लान ना पोब्लाख्ता नावाचा नवा पक्ष काढला होता. तेव्हाचा पंतप्रधान डी व्हॅलेरा, त्याचा फिना फॉल पक्ष 1932 पासून सलग सोळा वर्षं सत्तेत होता, लोक कंटाळले होते. फेब्रुवारी 1948 च्या निवडणुकीत क्लानचे दहा जण निवडून आले, त्यात ब्राउन, डब्लिन साउथ-ईस्टमधून. मग डी व्हॅलेरा नको एवढ्या एकाच मुद्द्यावर फिने गेल, लेबरचे दोन गट, शेतकऱ्यांचा पक्ष, क्लान आणि अपक्ष असे सगळे एकत्र आले. आपल्याकडं अशा सरकारला काय म्हणतात ते सांगायची गरज नाही. पंतप्रधान, ज्याला तिकडं टीशॉख म्हणतात, तो झाला जॉन कॉस्टेलो. त्याच्या पक्षाचा खरा प्रमुख दुसराच होता, पण स्वातंत्र्यानंतरच्या यादवी युद्धातल्या त्याच्या कामामुळं मॅकब्राइडसारख्यांना तो चालण्यासारखा नव्हता. आणि आरोग्य खातं कोणाला, तर 32 वर्षांच्या ब्राउनला. डॉइलमध्ये, म्हणजे तिकडच्या लोकसभेत, पहिल्यांदा पाऊल टाकलं त्याच दिवशी मंत्री.

आता टीबी.

ब्राउननी काय केलं हे नीट समजून घे, कारण त्यात शिकण्यासारखं आहे. टीबीचा प्लॅन त्यानं बनवलेला नव्हता. आधीच्या सरकारनं 1945 मध्ये मोठी सॅनेटोरियम बांधायचा कायदा केला होता, जेम्स डीनी नावाच्या मुख्य वैद्यकीय सल्लागारानं कागदावर बरंच काम करून ठेवलं होतं, 1947 मध्ये आरोग्याचं वेगळं खातं आणि नवा हेल्थ ॲक्टही झाला होता. ब्राउनच्या वाट्याला तयार फाईल आली. पण सरकारी खात्यात काम केलेल्या कोणालाही विचार, तयार फाईल आणि चालू वॉर्ड ह्यात किती वर्षं असतात ते. ब्राउननी ती वर्षं खाऊन टाकली, हे त्याचं खरं कर्तृत्व.

पैसा कुठून आणला ते तर भारीच आहे. 1930 पासून तिकडं हॉस्पिटल स्वीपस्टेक नावाची घोड्यांच्या शर्यतींवरची लॉटरी चालायची, तिकिटं जगभर विकली जायची, ब्रिटन-अमेरिकेत तर कायदा मोडून चोरीछुपे, आणि सोडत निघायची तेव्हा नर्सच्या ड्रेसमधल्या मुली पिंपातून चिठ्ठ्या काढायच्या. नफ्यातला वाटा हॉस्पिटलांच्या फंडात. ह्या फंडाचं मुद्दल जपून ठेवायचं आणि व्याजावर कामं करायची असा संथ कारभार होता. ब्राउन म्हणाला व्याजाचं काय घेऊन बसलात, मुद्दल मोडा, पुढं येणारी कमाईसुद्धा आजच हिशोबात धरा आणि बांधा. फायनान्सच्या माणसाला घाम फुटेल असा निर्णय, पण माणसं आज मरत होती. मोठी सॅनेटोरियम उभी राहायला वेळ लागणार म्हणून मध्ये मिळतील त्या जुन्या इमारती, दुसऱ्या कामाचे वॉर्ड ताब्यात घेऊन खाटा टाकल्या. दोन-अडीच वर्षांत सुमारे 2000 खाटा वाढल्या. डोरोथी प्राइस ही बाई आयर्लंडमध्ये बीसीजीसाठी, म्हणजे टीबीच्या लशीसाठी, कित्येक वर्षं झगडत होती, तिला 1949 मध्ये राष्ट्रीय बीसीजी समितीचं प्रमुख केलं. एक्स-रेच्या गाड्या फिरवल्या. कायद्यात पेशंटच्या घरच्यांना भत्ता द्यायची सोय होती, ती चालू झाली. आपल्याकडं टीबीच्या पेशंटला पोषणासाठी महिन्याला 500 रुपये थेट खात्यात द्यायला 2018 उजाडलं, म्हणून सांगतोय.

मग मी अर्धं खरं का म्हणालो? कारण ह्याच वर्षांत स्ट्रेप्टोमायसिन आलं, मागोमाग पीएएस, आणि 1952 मध्ये आयसोनियाझिड. मृत्यू धडाधड खाली आले ते मुख्यतः ह्या औषधांनी, आणि ते आयर्लंडमध्येच नाही तर इंग्लंडात, युरोपात सगळीकडंच आले. ब्राउन नसता तरी आले असते, पण उशिरा. मधल्या त्या चार-पाच वर्षांत जी हजारो माणसं वाचली ती ब्राउनची, असं मी मानतो. औषध बाटलीत असून भागत नाही रे, ते देणारा वॉर्ड लागतो, इंजेक्शन देणारी नर्स लागते. आम्ही नव्वदच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं दिलीत, पेशंट महिनाभर येतो आणि मग दुखतंय म्हणून गायब होतो, त्याच्या मागं गावभर फिरावं लागतं.

गंमत बघ, ज्या मोठ्या सॅनेटोरियमांसाठी एवढी धडपड, म्हणजे डब्लिनजवळ ब्लँचर्ड्सटाउन, गॉलवेजवळ मर्लिन पार्क आणि कॉर्कचं सार्सफील्ड्स कोर्ट, ती पूर्ण होऊन वापरात आली पन्नासच्या दशकाच्या मध्याला. तोवर औषधांनी त्यांची गरज कमी करायला सुरुवात केली होती. 1959 मध्ये आपल्या मद्रासच्या अभ्यासाचे निकाल आले, त्यात झोपडपट्टीतल्या घरी राहून गोळ्या घेतलेले पेशंट आणि सॅनेटोरियममध्ये दूध-अंडी खाऊन गोळ्या घेतलेले पेशंट जवळपास सारखेच बरे झाले, आणि खाटांचा सगळा विचारच उलटा झाला. ब्राउनला 1948 मध्ये हे कळायचं काही कारण नव्हतं. त्या इमारती पुढं साधी हॉस्पिटलं झाली, म्हणजे वाया गेल्या नाहीत. ब्लँचर्ड्सटाउनचं नाव लक्षात ठेव, शेवटी लागेल.

टीबीच्या कामाला चर्चनं विरोध केला नाही, डॉक्टरांनीही केला नाही. का? कारण टीबीचा पेशंट कोणालाच नको होता. त्याच्याकडं पैसे नसायचे, तो वर्षानुवर्षं रेंगाळायचा, आणि खासगी दवाखान्यात आला तर बाकीचे पेशंट पळायचे. सरकार त्याला उचलून नेतंय तर डॉक्टरांनी बरंच झालं म्हटलं.

बाळंतीण आणि मूल ही गोष्ट वेगळी.

ती स्कीम समजून घ्यायला आधी तिकडची पद्धत बघ. गरिबांसाठी एकोणिसाव्या शतकापासूनचे सरकारी दवाखाने होते, डिस्पेन्सरी म्हणायचे. गरीब माणसानं आधी चिठ्ठी आणायची, लाल तिकीट, आणि मग डॉक्टरकडं जायचं. तोच डॉक्टर बाकीच्यांकडून फी घेऊन खासगी प्रॅक्टिस करायचा. गावातल्या डॉक्टरची खरी कमाई ती, आणि त्यातला मोठा हिस्सा कशाचा, तर बाळंतपणं आणि पोरांचे ताप-खोकले. म्हणजे 1947 च्या कायद्यात जेव्हा आलं की आई आणि सोळा वर्षांपर्यंतची मुलं ह्यांना फुकट उपचार, आणि उत्पन्नाचा दाखला लागणार नाही, तेव्हा डॉक्टरांच्या गल्ल्यालाच हात लागला. त्यात शेजारी ब्रिटनमध्ये 5 जुलै 1948 ला एनएचएस, म्हणजे सगळ्यांना फुकट उपचार देणारी सरकारी आरोग्यसेवा, चालू झालेली. आयरिश डॉक्टरांना वाटलं आता आपण पण पगारी नोकर होणार.

आयरिश मेडिकल असोसिएशनचं म्हणणं काय होतं? गरिबांना फुकट द्या, आमची हरकत नाही, पण ज्याला परवडतं त्याच्याकडून घ्या. ऐकायला किती वाजवी वाटतं ना? आपल्याकडंही कोणतीही योजना आली की पहिलं हेच वाक्य येतं. ब्राउनचं उत्तर असं की एकदा दाखला मागायला लागलात की ते लाल तिकीटच झालं, मग बाई लाजेनं येत नाही, दाखला मिळेपर्यंत मूल दगावतं. इथं मी शंभर टक्के त्याच्या बाजूनं आहे. मी पिवळं कार्ड, केशरी कार्ड, तहसीलचा दाखला ह्याच्यापायी उशीर झालेल्या केसेस बघितल्यात. पण हेही सांगतो की असोसिएशनशी बोलणी करायला लागणारा संयम ब्राउनकडं नव्हता. तो त्यांना लोभी समजायचा आणि ते तोंडावर दाखवायचा. मंत्रिमंडळातला संरक्षणमंत्री टॉम ओ'हिगिन्स स्वतः डॉक्टर आणि असोसिएशनमधला जुना माणूस, म्हणजे विरोधकांचं माणूस कॅबिनेटच्या टेबलावरच बसलेलं, तरी ह्यानं त्याला आपल्या बाजूला ओढायचा प्रयत्न केलेला दिसत नाही.

आणि असोसिएशनला एकट्यानं लढायची गरजच पडली नाही, कारण बिशप उभे राहिले.

त्या देशात शंभरातले नव्वदहून जास्त लोक कॅथलिक, घटनेत चर्चला खास स्थान (ते कलम 1972 मध्ये सार्वमत घेऊन काढलं), शाळा चर्चच्या, हॉस्पिटलं नन्सची. ऑक्टोबर 1950 मध्ये बिशपांनी कॉस्टेलोला पत्र लिहिलं. मुद्दे दोन. एक, मुलांच्या तब्येतीची जबाबदारी आईबापाची, जे सांभाळू शकत नाहीत तेवढ्यांनाच सरकारनं मदत करावी, सगळ्यांना फुकट देणं म्हणजे कुटुंबाच्या हक्कावर अतिक्रमण. दुसरा, स्कीममध्ये आयांना आरोग्यशिक्षण द्यायचं होतं, ते कोण देणार, काय देणार, त्यातून संततिनियमन शिकवलं तर? दुसऱ्या मुद्द्यावर ब्राउन लेखी हमी द्यायला तयार होता. अडलं ते पहिल्यावर. आणि बारकाईनं बघ, पहिला मुद्दा म्हणजे असोसिएशनचाच मुद्दा आहे, फक्त धर्माची भाषा घातलेली.

डब्लिनचे आर्चबिशप होते जॉन चार्ल्स मॅक्वेड. त्यांचे वडील कूटहिल नावाच्या छोट्या गावात डिस्पेन्सरी डॉक्टर! म्हणजे फीवर चालणाऱ्या डॉक्टरच्या घरात वाढलेले. शिवाय डब्लिनच्या मोठ्या मॅटर्निटी हॉस्पिटलच्या बोर्डाचे ते अध्यक्ष. हे काही कारस्थान होतं असं मी म्हणत नाही, पण डॉक्टरांचं म्हणणं त्यांच्या कानाला परकं वाटलं नसणार एवढं नक्की.

11 ऑक्टोबर 1950 ला मॅक्वेडनी ब्राउनला वाड्यावर बोलावलं, सोबत आणखी दोन बिशप. ब्राउन तिथून बाहेर पडला तो समजूत करून की आपण समजावलं आणि त्यांना पटलं. बिशपांची समजूत झाली की ह्याला काहीच पटलेलं नाही. एकच मीटिंग! नंतर ब्राउननी बिशपांच्या पत्राला उत्तर लिहून कॉस्टेलोकडं दिलं, पुढं पाठवा म्हणून, आणि ते महिनोन्महिने पुढं गेलंच नाही. ब्राउनला वाटतंय तिकडून काही आलं नाही म्हणजे मिटलं. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला इथं हसू येतं आणि रडूही. अरे बाबा, जावक क्रमांक विचारायचा ना!

मार्च 1951 मध्ये त्यानं स्कीम जाहीर करून टाकली. मॅक्वेडनी लगेच नापसंती कळवली. एप्रिलच्या सुरुवातीला बिशपांच्या बैठकीत ठराव झाला, की ही स्कीम कॅथलिक सामाजिक शिकवणीला धरून नाही. बारीक जागा आहे बघ, नैतिक शिकवण म्हटलेलं नाही, सामाजिक म्हटलंय. ब्राउननी ह्या फरकावर झगडून बघितलं, काही उपयोग झाला नाही. 6 एप्रिलला कॅबिनेटनं स्कीम गुंडाळली, एकही मंत्री त्याच्या बाजूनं उभा राहिला नाही. 10 तारखेला राजीनामा मागितला तो कॉस्टेलोनं नाही तर स्वतःच्या पक्षाच्या नेत्यानं, मॅकब्राइडनं. त्या दोघांचं आधीपासूनच फाटलं होतं.

ब्राउननी राजीनामा दिला आणि एक गोष्ट केली जी त्याच्या आधी तिकडं कोणी केली नव्हती. सगळा पत्रव्यवहार, बिशपांचा, पंतप्रधानांचा, मॅकब्राइडचा, उचलून आयरिश टाइम्सला दिला. 12 एप्रिल 1951 च्या अंकात सगळं छापून आलं. कॉस्टेलोला सगळ्यात जास्त राग आला तो ह्याचाच, की हे शांतपणे आतल्या आत मिटवायचं होतं, लोकांना कळायचं काय कारण होतं. पंतप्रधान संसदेत उभा राहून सांगतो की मी कॅथलिक आहे आणि चर्चच्या अधिकाऱ्यांचं ऐकणार, आणि गंमत म्हणजे ब्राउनही तेव्हा उघडपणे म्हणाला की बिशपांचा निर्णय मला मान्य आहे. तो काळ तसा होता, त्याला आजच्या मापानं बंडखोर करू नकोस. पण पत्रं छापली गेली आणि परिणाम व्हायचा तो झालाच. उत्तर आयर्लंडमधल्या युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनबरोबरच राहायचंय म्हणणाऱ्या लोकांनी तर तो पत्रव्यवहार पुस्तिका काढून वाटला, की बघा, तुम्हाला ह्यांच्या राज्यात जायचंय का.

म्हणून मी पाऊण म्हणालो. घालवलं बिशपांनी हे वरवर खरंच आहे. पण 1953 मध्ये काय झालं बघ. 1951 च्या मे महिन्यात निवडणूक झाली (सरकार पडलं ते दुधाच्या भावावरून, स्कीमवरून नाही, अपक्ष शेतकरी खासदार सटकले), क्लान दहावरून दोनवर आला, डी व्हॅलेरा परत आला, तोही अपक्षांच्या आधारावर, आणि त्या अपक्षांमध्ये एक होता नोएल ब्राउन! नव्या आरोग्यमंत्र्यानं, जेम्स रायननं, 1953 चा हेल्थ ॲक्ट आणला. बिशपांनी परत हरकत घेतली, ह्या वेळी पेपरात द्यायला निवेदन तयार केलं होतं. डी व्हॅलेरा गुपचूप कार्डिनलना, म्हणजे बिशपांच्याही वरच्या धर्मगुरूंना, जाऊन भेटला, थोडे शब्द बदलले, निवेदन मागं घेतलं गेलं, कायदा झाला. म्हणजे बिशपांशी जमवता येत होतं. जे गेलं ते काय? तर सगळ्यांना फुकट हे तत्त्व गेलं. वरच्या उत्पन्नाचे वगळले, आणि फुकट उपचार सोळा वर्षांच्या मुलांऐवजी सहा आठवड्यांच्या बाळापर्यंत. सोळा वर्षं आणि सहा आठवडे ह्यात जो फरक आहे तो धर्माचा नाही, तो दवाखान्याच्या गल्ल्याचा आहे. असोसिएशन त्या कायद्यावरही कुरकुरत होतीच, पण तिला जे हवं होतं त्यातलं मोठं तिला मिळालं होतं, आणि वाईटपणा सगळा बिशपांच्या डोक्यावर गेला.

पुढची तीस वर्षं भराभर सांगतो. 1953 मध्ये तो फिना फॉलमध्ये गेला, 1954 मध्ये हरला, 1957 मध्ये पक्षानं तिकीट दिलं नाही तर अपक्ष उभा राहून जिंकला. 1958 मध्ये जॅक मॅक्विलनबरोबर दोन खासदारांचा पक्ष काढला आणि दोघांनी मिळून संसदेत एवढे प्रश्न विचारले की सरकारला खरा विरोधी पक्ष तेच वाटायला लागले. त्याच वर्षी त्यानं एक मस्त उद्योग केला. डी व्हॅलेराच्या घराण्याच्या ताब्यातल्या आयरिश प्रेस ह्या पेपरचे थोडे शेअर विकत घेतले, भागधारक म्हणून रजिस्टर बघायचा हक्क मिळवला, आणि लोकांच्या वर्गणीतून उभी राहिलेली कंपनी पंतप्रधानाच्या घरात कशी गेली ते संसदेत मांडलं. डी व्हॅलेरा नेमका तेव्हाच पंतप्रधानपद सोडून राष्ट्रपतिपदाला उभा राहतोय म्हणाला, त्या गडबडीत बातमी बुडाली. मग 1963 मध्ये लेबर, 1965 ला हार, 1969 ला जीत. 1971 मध्ये संततिनियमनाच्या साधनांवरची बंदी उठवायचं बिल आणलं, ते फेटाळलं गेलं. 1973 पासून चार वर्षं सिनेटमध्ये, ट्रिनिटीच्या पदवीधरांच्या जागेवर. 1977 मध्ये परत अपक्ष म्हणून डॉइलमध्ये, मग सोशलिस्ट लेबर पार्टी, 1982 मध्ये थांबला. मोजलेस तर पाच पक्ष.

असा माणूस परत परत निवडून कसा आला, तर तिकडच्या मतदानामुळं. एका मतदारसंघातून तीन-चार-पाच जण निवडायचे आणि मतदार पसंतीक्रम देतो, एक, दोन, तीन, आपल्याकडं विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात देतो तसे. पक्षानं हाकललं तरी ज्याला आवडतो तो पहिली पसंती देतो, आणि बाकीच्यांची दुसरी-तिसरी येऊन मिळते. आपल्या विधानसभेच्या पद्धतीत ब्राउन 1951 लाच संपला असता.

मधल्या काळात पोटासाठी त्यानं परत डॉक्टरकी केली, मनोविकाराचं शिक्षण घेऊन सरकारी हॉस्पिटलांत काम केलं. 1986 मध्ये आत्मचरित्र लिहिलं, धो धो खपलं. त्यात बऱ्याच जणांना त्यानं असं सोलून काढलंय की ज्यांनी त्याच्यासोबत काम केलं त्यातल्या काहींनी ते एकतर्फी आहे म्हणून कपाळाला हात लावला. डीनीचं उदाहरण माझ्या मनात सलतं. ज्यानं टीबीचा आराखडा केला त्या माणसाशी ब्राउनचं इतकं बिनसलं की तो खात्यातून बाजूला दुसऱ्याच कामावर गेला. चांगला अधिकारी आणि चांगला मंत्री एका खात्यात असून एकत्र टिकले नाहीत, असं मी इथंही पाहिलंय आणि नुकसान कोणाचं होतं तेही. 1990 मध्ये लेबरमधल्या काहींनी राष्ट्रपतिपदासाठी ब्राउनचं नाव पुढं केलं होतं, पक्षानं मेरी रॉबिन्सनना घेतलं आणि त्या जिंकल्या. ब्राउन शेवटची वर्षं कॉनेमारात समुद्राकाठी राहिला, 21 मे 1997 ला गेला.

आता तुझा दुसरा प्रश्न, डॉक्टरनं जावं का. ब्राउनकडून हो-नाही असं निघत नाही, एवढंच निघतं की जिथं पैसा आणि हुकूम पुरतो तिथं डॉक्टर मंत्री विजेसारखा चालतो, आणि जिथं स्वतःच्याच धंद्यातल्या लोकांशी घासाघीस करायची असते तिथं त्याचं डॉक्टर असणं उपयोगी पडेलच असं नाही, उलट घरचाच भेदी म्हणून जास्त मार बसतो.

आणि ब्लँचर्ड्सटाउन. तिथलं ते सॅनेटोरियम 1955 मध्ये चालू झालं, आज ते कॉनली हॉस्पिटल आहे. त्याच भागात मालवण तालुक्यातल्या वराड गावचे एक डॉक्टर जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, म्हणून प्रॅक्टिस करायचे, अशोक वराडकर. त्यांचा मुलगा लिओ ट्रिनिटीतूनच डॉक्टर झाला, कॉनली हॉस्पिटलमध्ये ज्युनियर डॉक्टर म्हणून राबला, पुढं टीशॉख झाला ते तुला माहितीच आहे, पण त्याच्या आधी 2014 ते 2016 तो आरोग्यमंत्री होता. त्याच्या काळात, जुलै 2015 मध्ये, सहा वर्षांखालच्या सगळ्या मुलांना जीपीकडं फुकट तपासणी चालू झाली, उत्पन्नाचा दाखला न मागता. बिशपांनी ह्या वेळी काही म्हटलं नाही. डॉक्टरांच्या एका संघटनेनं करार केला, दुसरीनं विरोध केला, आणि भांडण परत एकदा दर मुलामागं किती पैसे मिळणार आणि दवाखान्यात गर्दी किती वाढणार ह्यावरच होतं.